अडुळसा : भिवंडीच्या परसातील एका वनस्पतीची नावे आणि निषेध

घरगुती औषधांचा इतिहास लिहावयाचा म्हटले की अभ्यासक प्रथम निघंटूंकडे वळतो, आणि ते स्वाभाविकही आहे. पण निघंटू वैद्यांनी वैद्यांसाठी रचलेले असतात. परसातील झाडाची पाने कोण तोडीत होते, त्या झाडाला कोणत्या नावाने हाक मारीत होते आणि ती पाने कोणाला देत नव्हते, या गोष्टी त्यांतून क्वचितच हाती लागतात. त्यांचा पुरावा बोलीतील नावांत आणि नावांबरोबर चालत आलेल्या निषेधांत शोधावा लागतो. प्रस्तुत टिपणात असा शोध अडुळसा या एकाच वनस्पतीपुरता आणि भिवंडी या एकाच गावाच्या मर्यादेत घेतला आहे.

भिवंडीची निवड सोयीसाठी केलेली नाही. कामवारी नदीकाठच्या या गावात व परिसरात कोकणी मुसलमान, आगरी, कोळी व कुणबी यांची वस्ती जुनी आहे. तालुक्याच्या पाड्यांवर वारली व कातकरी राहतात. १८५७ च्या उठावानंतर उत्तर प्रदेशातील विणकर घराणी येथे येऊन स्थायिक झाली. पुढे हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली, तशी तेलंगणातील पद्मशाली कुटुंबेही मोठ्या संख्येने आली. सुताच्या व कापडाच्या व्यापारानिमित्त गुजराती भाषकांचा वावर होताच. परिणामी एकाच गल्लीत एकाच झाडाची चार-पाच नावे ऐकू येतात. मागाच्या खोलीत तंतू व धूळ यांचा सहवास अखंड असतो, त्यामुळे खोकला हा येथे ऋतूचा नव्हे, धंद्याचा विकार समजला जातो. खोकल्यावरील झाड अशा गावी घरोघर असावे यात नवल नाही.

झाड लावावयासही सोपे आहे. पावसाळ्याच्या आरंभी जून फांदीचा वीतभर तुकडा जमिनीत खोवला की तो धरतो. पानांना उग्र वास व कडू चव असल्यामुळे शेळी त्यांना तोंड लावीत नाही. ज्या गावी शेळ्या मोकळ्या फिरतात तेथे हा गुण लहान नव्हे. म्हणूनच अडुळसा पुष्कळदा कुंपण म्हणून लावला गेला आणि औषध म्हणून ओळखला गेला. या दोहोंत आधी काय घडले, हे ठरविण्याचा मोह आवरलेला बरा.

आता नावांकडे वळू. अमरकोशात या वनस्पतीचे पर्याय वैद्यमाता, सिंही, वाशिका, वृष, अटरूष, सिंहास्य, वासक व वाजिदन्तक असे दिले आहेत. यांतील सिंहास्य हे नाव फूल पाहिल्याखेरीज सुचणारे नाही. पांढऱ्या, जांभळ्या रेघांच्या त्या फुलाचे दोन ओठ खरोखरच जबडा उघडल्यासारखे दिसतात. वैद्यमाता हे नाव मला अधिक बोलके वाटते. वैद्याची आई म्हणजे त्याच्या शास्त्राचा आधार असा त्याचा अर्थ टीकाकार लावतील. परंतु औषध घरातल्या आईच्या हातून मिळते ही जाणीवही त्यामागे असू शकेल, असे मानावयास हरकत नसावी.

भिवंडीत आज ऐकू येणारी नावे यांपैकी दोनच शब्दांची संतती आहेत. उत्तर प्रदेशातून आलेल्या घरांत ‘बांसा’ हा शब्द आढळतो. तो वासा-वाशिका या कुळातला असून बंगालीतील ‘बासक’ त्याचाच भाऊ होय. त्याच घरांत ‘अडूसा’ही चालतो, आणि तो मात्र मराठी ‘अडुळसा’चा सगोत्र आहे. दोन्ही अटरूष किंवा आटरूष या शब्दापासून आले. टचा ड होणे व षचा स होणे हे नियमास धरूनच आहे. खरी मौज त्या शब्दातील र-काराची आहे. हिंदीत तो लोपला. गुजराती ‘अरडूसी’त तो ड-काराला ओलांडून पुढे आला. तेलुगू ‘अड्डसरमु’ या शब्दात तो स-कारामागे जाऊन बसला. मराठीत स्वरमध्य ळ येतो तो सामान्यतः जुन्या ल-कारापासून. तेव्हा आपल्या शब्दात र-चा आधी ल झाला, मग ळ झाला आणि त्या हालचालीत उ-कार एक पाऊल पुढे सरकला, अशी अवस्था-परंपरा मी सुचविते. चार भाषांनी एका व्यंजनाची चार तऱ्हेने वाट लावली. एवढी मोडतोड ग्रंथातून उचललेल्या शब्दाची होत नाही. ती शतकानुशतके तोंडातोंडी फिरलेल्या शब्दाची होते. निघंटूने या शब्दाला घरात आणले नाही. तो घरात होताच, याचा हा भाषिक पुरावा समजावा.

आटरूष हा शब्द मुळात संस्कृतचा असेल असेही वाटत नाही. त्यातील मूर्धन्य ट आणि धातूशी न जुळणारी घडण संशय उत्पन्न करते. तमिळमधील ‘आडातोडै’ या नावाचा अर्थ शेळी न शिवणारे झाड असा सांगितला जातो. तो लोकव्युत्पत्तीचा नमुना असला, तरी वनस्पतीचा खरा गुण सांगतो. लिनिअसने १७५३ मध्ये या झाडाला जे शास्त्रीय नाव दिले त्यातील ‘अधाटोडा’ हे पद याच दाक्षिणात्य शब्दाचे रूप आहे.

देशी नावे ग्रंथात शिरण्याची प्रक्रियाही जुनी आहे. राजनिघंटूच्या कर्त्याने, नरहरि पंडिताने, कानडी व मराठी नावांचा आधार घेतला होता. कोचीनच्या डच अधिकाऱ्याने, व्हान रेडेने, सिद्ध केलेल्या ‘हॉर्टुस मलबारिकुस’च्या १६७८ च्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांचे नागरी लिपीतील निवेदन छापले आहे. मोल्स्वर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, म्हणजे विणकरांच्या स्थलांतराच्या आरंभवर्षाचीच. तीत अडुळसा शास्त्रीय नावासह नोंदला आहे. परंतु कोश नाव देतो, ओळख देतो. पथ्य देत नाही, आणि ते त्याचे कामही नव्हे.

पथ्य घरात टिकले. भिवंडीजवळच्या एका पाड्यावर एका वृद्ध आगरी बाईंना मी पाने वापरण्याची रीत विचारली. पाने कोरडीच वाटली तर रस फार थोडा निघतो. म्हणून ती तव्यावर शेकून, मऊ पडल्यावर फडक्यात पिळावयाची, आणि तो रस मधात चाटवावयाचा. शार्ङ्गधरसंहितेत पुटपाकाचा विधी सांगितला आहे. द्रव्य पानांत गुंडाळून, वरून माती लिंपून अग्नीत भाजावे आणि मग रस काढावा, असा तो विधी आहे. तवा हे त्या विधीचे घरगुती रूप होय. रीत सांगून झाल्यावर, मी न विचारता, त्या म्हणाल्या, “आन् बाय, पोटुशीला देवाचा नाय.” पुढच्याच आठवड्यात विणकरवस्तीतील एका अम्मांनी बांशाच्या काढ्याची कृती सांगताना हाच निषेध उर्दूत ऐकविला : “हमल से हो तो नहीं.” दोघींची भाषा निराळी, धर्म निराळा, झाडाचे नावही निराळे; निषेध तोच.

या निषेधाला अर्थ आहे. अडुळशातील मुख्य क्षारद्रव्य वासिसीन हे १८८८ मध्ये हूपर यांनी वेगळे केले. हरमल या युनानी औषधातून मिळालेले पेगॅनीन हे तेच द्रव्य असल्याचे पुढे सिद्ध झाले. म्हणजे वैद्य व हकीम यांची दोन झाडे एका रेणूपाशी येऊन भेटतात! वासिसीनच्याच धर्तीवर घडविलेले ब्रोमहेक्सीन १९६० नंतरच्या दशकात कफ पातळ करणारे औषध म्हणून प्रचारात आले. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत १९७० नंतर झालेल्या अभ्यासात वासिसीनमुळे गर्भाशयाचे आकुंचन होते असे दिसून आले. पाड्यावरील बाईंना हे ठाऊक असण्याचे कारण नाही. त्यांना ठाऊक होते ते फक्त देऊ नये एवढे. येथे घरगुती ज्ञानाचा गौरव करण्याचा माझा हेतू नाही. याच वस्तीत दम्यावर व क्षयावर केवळ काढा देत बसल्याची उदाहरणे मी ऐकली आहेत, आणि मागाच्या खोलीतील धूळ कोणत्याही पानाने थांबत नाही.

मात्र निषेध नावाला चिकटून राहतो, आणि नाव गेले की तोही सुटतो, हे मला प्रत्यक्ष दिसले. त्याच अम्मांची नात झाडाला ‘खांसी के पत्ते’ म्हणते. अंगण उरलेले नाही. झाड गच्चीवर तेलाच्या डब्यात आहे. अम्मांच्या वाक्यातला दुसरा भाग तिला ठाऊक नव्हता. ‘खोकल्याची पाने’ या वर्णनात कोणाला द्यावे हे सामावलेले आहे, कोणाला देऊ नये हे नाही.

दुसरी अडचण ओळखीची. ‘काळा अडुळसा’ म्हणून ओळखली जाणारी वनस्पती त्याच कुळातील, पण निराळी आहे. तिची पाने अरुंद व देठ जांभळट असतात, आणि शोभेचे कुंपण म्हणून ती रोपवाटिकेत सहज मिळते. गच्चीवरच्या डब्यातील रोप कोणते, असे नातीने मला विचारले. पाने तेव्हा कोवळी होती आणि माझा निर्णय होईना. अम्मांनी एक पान चुरगळून हुंगले व मान हलविली. ती होकारार्थी की नकारार्थी हे मला कळले नाही. थंडीच्या अखेरीस फूल येईल तेव्हा पाहू, एवढे ठरवून मी निघाले.