सातबाऱ्यामागील इतिहास



जमिनीचा इतिहास दप्तरात असतो. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी मोजणी केली; शेतवार सारा ठरला. पुढे १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने सनदा तपासल्या. पुरावा दाखवू न शकलेल्या अनेकांची इनामे गेली. कागदाचे मोल तेव्हा कळले, ते आजही तेवढेच आहे.

सातबारा ही महसुली नोंद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. त्यावरील फेरफार क्रमांक धरून गावच्या व तहसिलीच्या दप्तरात मागे मागे जावे. खरेदीखताची नोंद दुय्यम निबंधकाकडे सूची दोनमध्ये सापडते. मोडी कागद जाणकाराकडून वाचून घ्यावा. वारसनोंद राहिली असल्यास सर्व वारसांच्या नावांनिशी ती आधी करावी.