प्रसूतिवेदनाशमन

प्रसूतिवेदनाशमन म्हणजे बाळंतपणात येणाऱ्या कळांची तीव्रता कमी करण्यासाठी योजले जाणारे उपाय. यात औषधाविना करावयाचे उपाय, हुंगण्याचा वायू, इंजेक्शने आणि कण्यातून दिली जाणारी भूल यांचा समावेश होतो. प्रसूतीचा टप्पा, मातेची प्रकृती, उपलब्ध सोयी आणि मातेची इच्छा यांवर उपायाची निवड अवलंबून असते.

वेदनेचे स्वरूप

पहिल्या टप्प्यात गर्भाशय आकुंचन पावते व गर्भाशयमुख उघडू लागते. या वेळच्या कळा ओटीपोटात व कंबरेत जाणवतात. दुसऱ्या टप्प्यात मूल खाली सरकताना योनिमार्ग व विटप ताणले जातात आणि वेदना त्या जागी अधिक तीव्र होते. या दोन वेदना वेगवेगळ्या मज्जातंतूंतून वाहत असल्यामुळे एका टप्प्यात गुणकारी ठरणारा उपाय दुसऱ्या टप्प्यात पुरेसा पडेलच असे नाही.

औषधाविना उपाय

विश्वासातील व्यक्तीची अखंड सोबत, चालणे-फिरणे, स्थिती बदलणे, कंबरेची मालीश, गरम शेक, कोमट पाण्यात बसणे आणि लयबद्ध श्वसन हे उपाय वेदना पूर्णपणे थांबवत नाहीत. मात्र भीती व ताण कमी करून त्या सुसह्य करतात.

औषधी उपाय

नायट्रस ऑक्साइड व ऑक्सिजन यांचे समप्रमाण मिश्रण माता स्वतः मुखवट्यातून हुंगते. त्याचा परिणाम लवकर होतो व लवकर ओसरतो. चक्कर व मळमळ हे त्याचे सामान्य दुष्परिणाम होत.

पेथिडीनसारख्या अफूवर्गीय औषधांचे इंजेक्शन देणे सोपे असते. परंतु त्याने मिळणारा आराम मर्यादित असतो. गुंगी व उलटी होऊ शकते. औषध वारेतून बाळापर्यंत पोहोचत असल्याने जन्मानंतर बाळाचा श्वास मंद होण्याचा संभव असतो.

एपिड्युरल ही सर्वांत परिणामकारक पद्धत मानली जाते. भूलतज्ज्ञ कंबरेच्या मणक्यांमधून मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत बारीक नळी ठेवतो व तीतून बधिरता आणणारे औषध देतो. साधारणतः १५ ते २० मिनिटांत आराम पडतो आणि माता शुद्धीवर राहते. रक्तदाब उतरणे, ताप, खाज, लघवी अडणे आणि क्वचित तीव्र डोकेदुखी हे तिचे दुष्परिणाम आहेत. दुसरा टप्पा काहीसा लांबू शकतो. मात्र कमी मात्रेच्या आधुनिक पद्धतीने सिझेरियनचे प्रमाण वाढत नाही, तसेच कायमची पाठदुखी जडते या समजुतीला आधार मिळालेला नाही. रक्त गोठण्याचे विकार किंवा सुईच्या जागी जंतुसंसर्ग असल्यास ही पद्धत टाळतात.

इतिहास

एडिंबरो येथील जेम्स यंग सिम्प्सन यांनी १८४७ मध्ये प्रसूतीसाठी प्रथम ईथर व नंतर क्लोरोफॉर्म वापरले. या प्रयोगावर वैद्यकांत वाद झाला. १८५३ मध्ये जॉन स्नो यांनी राणी व्हिक्टोरियाला राजपुत्र लिओपोल्डच्या जन्माच्या वेळी क्लोरोफॉर्म दिले. त्यानंतर ही पद्धत समाजात अधिक स्वीकारली गेली.

निवड व उपलब्धता

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, वेदनाशमनाची मागणी करणाऱ्या निरोगी गर्भवतीसाठी एपिड्युरल, अफूवर्गीय औषधे, मालीश व शिथिलीकरण हे पर्याय शिफारसपात्र आहेत. एपिड्युरलसाठी भूलतज्ज्ञ व सतत देखरेख आवश्यक असल्याने भारतात ही सोय मुख्यतः शहरांतील मोठ्या रुग्णालयांत आढळते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतिकक्षात सोबतीण असू देण्यावर व मातेला सन्मानाने वागविण्यावर भर आहे. भूलतज्ज्ञ नसलेल्या ठिकाणी या सोबतीचे मोल विशेष ठरते.

कळा तीव्र झाल्यावर माहिती समजून घेऊन निर्णय करणे कठीण जाते. म्हणून गर्भारपणातील तपासण्यांच्या वेळीच, त्या रुग्णालयात कोणते उपाय मिळतात व त्यांचे गुणदोष काय, हे मातेला सांगणे इष्ट समजले जाते. वेदनाशमन घेणे वा नाकारणे हा तिचा अधिकार असून प्रसूती सुरू झाल्यावरही तिला निर्णय बदलता येतो.