मातीचं कबूतर

ट्रॅप नेमबाजीच्या मैदानाजवळ कधी उभे राहिलात, तर बंदुकीच्या बाराआधी तुम्हाला एक आरोळी ऐकू येईल. ‘पुल!’ पुल म्हणजे इंग्रजीतलं ‘ओढ’. आरोळी विरते न विरते तोच समोरच्या खंदकातून एक भगवी तबकडी सूं करत सुटते. नेमबाजाच्या हातातली दुनळी तिच्यामागे फिरते आणि एका सेकंदाच्या आत काय तो निकाल लागतो. फुटली तर हवेत धुराचा एक ठिपका उरतो. नाही फुटली तर ती दूर गवतात जाऊन पडते.

नवशिक्याला पहिल्या दिवशी जे दोन-चार शब्द शिकवतात, त्यांतला हा पहिला. पण गंमत अशी, की या मैदानावर कुणी काही ओढत नसतं. दोरी नसते, कळ नसते. नेमबाजाच्या पुढ्यात एक मायक्रोफोन असतो, तो आवाज ऐकतो आणि यंत्र तबकडी फेकतं. तुम्ही ‘राम राम’ म्हणालात तरी तबकडी सुटेल! मग ‘ओढ’ म्हणून सांगायचं ते कुणाला?

या साध्या प्रश्नाचं उत्तर शोधायला दोनशे वर्षं मागं, इंग्लंडात जावं लागतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथं श्रीमंत लोकांत एक खेळ रूढ झाला होता. पकडून आणलेली जिवंत कबुतरं सोडायची आणि उडताना टिपायची. लंडनजवळच्या ईलिंग गावात ‘ओल्ड हॅट्स’ नावाची एक खानावळ होती, तिथं हा खेळ चाले. जमिनीत खळगा करून त्यात कबूतर ठेवायचं, वरून जुनी टोपी पालथी घालायची, टोपीला दोरी बांधायची आणि इशारा होताच ती ओढायची, अशी पद्धत होती म्हणतात. पुढे टोप्या गेल्या आणि झाकणाच्या पेट्या आल्या. या पेटीला म्हणायचे ‘ट्रॅप’, म्हणजे सापळा. पाच पेट्या ओळीनं मांडलेल्या असत. कोणती उघडणार हे बंदूकवाल्याला ठाऊक नसे. तो तयार झाला की मागं उभ्या असलेल्या माणसाला सांगे, ‘पुल!’ तो दोरी ओढी, झाकण पडे आणि बिचारा पक्षी उजेडात झेप घेई.

खेळाचं नाव ट्रॅप का, याचंही उत्तर यात आलंच. मैदानाभोवती कुंपण असे. पक्षी कुंपणाच्या आत पडला तर गुण मिळे. जखमी होऊन बाहेर जाऊन मेला तर ‘लॉस्ट’, म्हणजे हरवला. आजही ट्रॅपच्या पुष्कळ मैदानांवर तबकडी हुकली की पंच हाच शब्द उच्चारतो. तबकडी सदोष निघाली, सुटतानाच तुटली, तर पुष्कळ ठिकाणी ‘नो बर्ड’ असा पुकारा होतो. पक्षी नाहीच तिथं, शंभर-सव्वाशे वर्षं झाली नाही त्याला. शब्द मात्र टिकले आहेत.

१८६९ साली लंडनमध्ये फुलहॅमला हर्लिंगहॅम क्लब निघाला, तो मुळात याच खेळासाठी. पोलोमुळे त्याचं नाव पुढे जगभर झालं. १९०५ साली तिथली कबुतरांची शिकार थांबली, पण क्लबच्या बोधचिन्हावर कबूतर अजून आहे. शिकार करणाऱ्यांनी शिकारीलाच मानचिन्ह करावं, ही जुनीच रीत आहे म्हणा.

हा खेळ अमेरिकेत गेला, आणि तिथं त्याला वेगळंच वळण लागलं. इंग्लंडात कबुतरं विकत घ्यावी लागत. अमेरिकेत ती आभाळातून ओसंडत होती. पॅसेंजर पिजन, म्हणजे प्रवासी कबूतर, नावाचा एक रानपक्षी तिथं होता. निळसर करडा, छाती तांबूस, शेपूट लांब. त्याची संख्या तीन ते पाच अब्ज असावी, असा अंदाज अभ्यासक देतात. पक्षीचित्रकार ऑडुबॉन यानं १८१३ साली ओहायो नदीच्या काठानं जाताना एक थवा पाहिला. भर दुपारी ग्रहण लागल्यासारखा उजेड मंदावला, आणि तो थवा तीन दिवस सरकत राहिला होता, असं त्यानं लिहून ठेवलं आहे.

इतका पक्षी असताना मोजतं कोण? रेल्वे आली, तार आली. अमुक रानात कबुतरं उतरली आहेत अशी तार यायची, आणि पारधी जाळी घेऊन गाडीनं निघायचे. मारलेली कबुतरं पिंपांत भरून शहरांच्या बाजारात जात, आणि जिवंत पकडलेली नेमबाजीच्या क्लबांना विकली जात. १८८१ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर एक मोठी स्पर्धा झाली. तिच्यासाठी सुमारे वीस हजार प्रवासी कबुतरं आणली होती. आता स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेचं नाव ऐका. ‘न्यूयॉर्क राज्य मत्स्य व शिकारपक्षी संरक्षण संघ’! हे नाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक असावी असं वाटलं होतं. चूक नव्हती. शिकारीला पक्षी उरावा म्हणून संरक्षण, असा त्या काळचा हिशेब होता.

याविरुद्ध बोलणारे होते. हेन्री बर्ग या गृहस्थानं १८६६ साली न्यूयॉर्कला प्राण्यांवरची क्रूरता रोखण्यासाठी संस्था काढली होती. वर्तमानपत्रांनी त्याची यथेच्छ टिंगल केली, पण तो कबुतरांच्या या खेळाच्या मागं हात धुऊन लागला. दुसरीकडे नेमबाजांनाही अडचण भासू लागली होती. दर वेळी हजारो पक्षी आणायचे कुठून? ते वाटेत मरतात, पावसाळी हवेत पेटीतून उठत नाहीत, आणि एक कबूतर दुसऱ्यासारखं उडत नाही, मग दोन नेमबाजांची तुलना कशी करायची?

उपाय म्हणून १८६०च्या दशकात काचेचे पोकळ गोळे आले. कॅप्टन अ‍ॅडम बोगार्डस हा त्या काळचा नामांकित नेमबाज. त्यानं गोळे फेकणारं सुधारित यंत्र काढलं आणि १८७७ साली त्याचं पेटंट घेतलं. गुळगुळीत काचेवरून छर्रे घसरतात म्हणून त्यानं गोळ्यांना खरखरीत केलं. काही गोळ्यांत तर पिसं भरलेली असत, म्हणजे गोळा फुटल्यावर पिसं उडावीत आणि बघणाऱ्याला पक्षी मेल्याचं समाधान मिळावं! जानेवारी १८७८ मध्ये न्यूयॉर्कला त्यानं पाचशे मिनिटांच्या आत पाच हजार गोळे फोडून दाखवले. पण गोळा तो गोळाच. वर जायचा आणि खाली यायचा. उडणं त्याला माहीत नव्हतं. शिवाय काचांचा खच पडलेल्या रानात गुरं सोडायची कशी?

उडणारी वस्तू सापडली ती १८८० साली, ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी गावी. जॉर्ज लिगोव्स्की नावाचा माणूस तिथं राहत होता. त्यानं पाण्याच्या काठी मुलांना चपटे शिंपले फेकताना पाहिलं, अशी कथा आहे. आपल्याकडे मुलं तळ्यावर चपटा दगड असा भिरकावतात की तो टप्पे घेत जातो. कुणी त्याला पाण्यावर भाकऱ्या काढणं म्हणतात. तसाच काहीसा तो खेळ. चपटी वस्तू गिरकी घेत सुटली की हवा तिला तोलून धरते. आधी सपाट जाते, मग हळूच कलते, अगदी पक्ष्यासारखी. लिगोव्स्कीनं मातीची बशीसारखी तबकडी भाजली आणि ती फेकणारं यंत्र बनवलं. तिला नाव मिळालं ‘क्ले पिजन’, मातीचं कबूतर.

पहिल्या तबकड्या इतक्या कडक भाजल्या जात की छर्रा लागला तरी फुटेनात. घंटेसारख्या वाजायच्या आणि तशाच पुढं जायच्या! मग माती जाऊन डांबर आणि चुनखडीची भुकटी यांचं मिश्रण आलं. यंत्राचा झटका सोसेल इतकं चिवट आणि दोन-चार छऱ्यांनी फुटेल इतकं ठिसूळ. आजही तबकडी बहुधा त्याच मिश्रणाची असते, व्यास ११० मिलिमीटर, वजन १०५ ग्रॅम. मातीचा कण तिच्यात नाही, तरी नाव ‘क्ले’च.

सिनसिनाटीचं नाव मात्र लक्षात ठेवा. ज्या गावी मातीचं कबूतर जन्मलं, त्याच गावच्या प्राणिसंग्रहालयात १ सप्टेंबर १९१४ रोजी दुपारी जगातलं शेवटचं प्रवासी कबूतर मेलं. मादी होती, नाव मार्था. तिचा देह बर्फाच्या लादीत गोठवून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात पाठवला. दोन तारखांमध्ये अवघी चौतीस वर्षं. अब्जावधींचा थवा ज्या राज्यावरून जात होता, तिथंच तो पिंजऱ्यात संपला.

नेमबाजांनीच हा पक्षी संपवला, असं म्हणणं मात्र खरं होणार नाही. खरा घास घेतला तो मांसाच्या बाजारानं आणि विणीच्या जागांवर घातलेल्या धाडींनी; रानंही तुटत होती. क्लबांत मेलेली कबुतरं त्या मानानं मूठभर. पण लिगोव्स्कीची तबकडी उशिरा आली, हेही तितकंच खरं. आणि आल्यावर तरी सगळ्यांनी ती लगेच कुठं स्वीकारली? १९००च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी तबकड्यांचीही स्पर्धा झाली आणि जिवंत कबुतरांचीही. दुसरीत बेल्जियमचा लेऑं द लुंडेन एकवीस पक्षी टिपून पहिला आला. सुमारे तीनशे कबुतरं त्या स्पर्धेत मेली. अमेरिकेतली ‘ग्रँड अमेरिकन’ ही नामांकित स्पर्धा १८९३ साली जिवंत पक्ष्यांवर सुरू झाली, १९०० साली तिच्या जोडीला तबकड्यांची स्पर्धा आली, आणि १९०२ नंतर पक्षी बंद झाले. ब्रिटनमध्ये पकडलेल्या पक्ष्यांवरच्या नेमबाजीला कायद्यानं मनाई व्हायला १९२१ साल उजाडलं.

ट्रॅपचा धाकटा भाऊ स्कीट. १९२०च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावी काही शिकाऱ्यांनी सरावासाठी घड्याळाच्या तबकडीसारखं गोल मैदान आखलं आणि त्यावरून फिरत नेम धरू लागले. पुढं शेजारच्या जागेत एकानं कोंबड्या पाळल्या. तिकडं छर्रे जाऊ नयेत म्हणून वर्तुळाचं अर्धवर्तुळ करावं लागलं. आज ऑलिंपिकमध्ये स्कीटचं मैदान अर्धवर्तुळाकार असतं, त्याचं श्रेय त्या कोंबड्यांना!

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात नेमबाजी म्हटलं की अंजली भागवतपासून स्वप्नील कुसाळेपर्यंतची नावं आठवतात. ती बहुतेक रायफलची. तिथं श्वाससुद्धा आवरायचा, निश्चल व्हायचं. छऱ्यांच्या बंदुकीचं नेमकं उलटं. शिकणाऱ्याला सांगतात, दोन्ही डोळे उघडे ठेव, गाल दस्त्याला टेकव, आणि बंदूक थांबवू नकोस. तबकडीच्या मागून ये, तिच्यापुढे जा, चाप ओढल्यावरही हात फिरता ठेव. नवशिक्याचा हात नेमका चाप ओढताना थबकतो आणि छर्रे तबकडीच्या मागून निघून जातात. ऑलिंपिक ट्रॅपमध्ये खंदकात पंधरा यंत्रं असतात. तबकडी डावीकडे जाईल की उजवीकडे, हे आधी कळत नाही. मुळातल्या पाच पेट्यांचीच ती पुढची पायरी.

या खेळात भारताचं नाव पहिल्यांदा गाजवलं ते बिकानेरचे महाराजा करणीसिंह यांनी. त्यांचे आजोबा गंगासिंह यांच्या काळी गजनेरच्या तळ्यावर सँडग्राऊज, म्हणजे आपल्या पखुर्डीच्या जातकुळीतल्या पक्ष्यांच्या शिकारी होत. व्हाइसरॉय आणि बडे पाहुणे त्यासाठी मुद्दाम बिकानेरला येत. त्याच घराण्यातला नातू १९६० ते १९८० या काळात पाच ऑलिंपिकमध्ये तबकड्यांवर नेम धरायला उभा राहिला. १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवलं. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचा जमाना कागदोपत्रीही संपला. इंग्लंड-अमेरिकेला या प्रवासासाठी शंभर वर्षं लागली. बिकानेरच्या एका घरात तो दोन पिढ्यांत झाला. दिल्लीच्या तुघलकाबादमधलं नेमबाजी संकुल आज करणीसिंहांच्या नावानं ओळखलं जातं.

पुढचं तुम्हाला आठवत असेल. २००४ साली अथेन्समध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये, एकाच वेळी सुटणाऱ्या दोन तबकड्यांच्या प्रकारात, २०० पैकी १७९ फोडल्या आणि स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक रौप्यपदक मिळवून दिलं. तो प्रकार २०१६ नंतर ऑलिंपिकमधून वगळला गेला. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्कीटच्या मिश्र जोडीत माहेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंह नरुका यांचं कांस्यपदक चीनविरुद्ध ४४-४३ असं, एका तबकडीनं गेलं.

अशा पदकांच्या लढती दूरचित्रवाणीवर पाहताना एक गोष्ट बघा. तबकडी फुटली की नेहमीच्या करड्या धुराऐवजी रंगीत भुकटीचा ढग उसळतो. ही तबकडी खास असते, तिच्या पोटात रंग भरलेला असतो. नेम लागला हे लांबच्या प्रेक्षकालाही दिसावं म्हणून. बोगार्डसच्या गोळ्यात त्या जागी पिसं होती.