तळटीप : लंडनच्या जुन्या घरांतली सरकती खिडकी

४. येथे उल्लेखलेली ‘सॅश’ खिडकी अठराव्या शतकातल्या लंडनच्या घरांची आहे. तिच्या दोन लाकडी झडपा खाचांतून वर-खाली सरकतात. चौकटीच्या पोकळीत दोरीला टांगलेली शिशाची किंवा बिडाची वजने कप्पीवरून त्यांचा भार तोलतात, म्हणून झडप हवी तिथे थांबते. १७७४ च्या इमारत कायद्याने ही पोकळ चौकट विटांच्या आड गेली. दोरी तुटली वा खालची पट्टी कुजली, की अख्खी खिडकी उखडून प्लॅस्टिकची बसवणारे पुष्कळ. हे फार मोठे नुकसान आहे. दोरी बदलता येते, कुजका भाग कापून नवे लाकूड सांधता येते. सावकाश वाढलेल्या झाडांचे ते जुने पाइन बहुधा आजच्या लाकडाहून टिकाऊ असते. जुना रंग खरवडताना मात्र जपावे, त्यात शिसे असू शकते.