बर्फावरची वाट

आमच्या गंगापूरला थंडी म्हणजे पहाटेची शेकोटी, आणि बर्फ बघायचा तो गोळेवाल्याच्या गाडीवर. तरी आज बोलायचं आहे बर्फावरच्या चालण्याविषयी.

नॉर्वे-स्वीडनकडे हिवाळ्यात लोक पायांना लांब, अरुंद पट्ट्या बांधून, हातात दोन काठ्या घेऊन रानोमाळ फिरतात. आज ती सुट्टीतली हौस आहे. मुळात मात्र ही पोटापाण्यासाठीची चाल. भुसभुशीत बर्फात पाय रुततो. पट्टीवर वजन पसरलं की माणूस वर राहतो. ‘स्की’ या शब्दाचा मूळ अर्थच फोडलेलं लाकूड. स्वीडनमध्ये काल्वत्रेस्क इथं १९२४ साली सापडलेली स्की पाच हजार वर्षांपूर्वीची आहे. आणि ही चाल एकट्या पुरुषांची नव्हती. ओलाउस माग्नुसच्या १५५५ सालच्या ग्रंथात स्कीवरून शिकार करणाऱ्या बायकाही आहेत.

आता शर्यतीचं ऐका. १५२१ च्या सुमारास डेन्मार्कच्या राजाविरुद्ध उठाव करा म्हणून गुस्ताव वासा मोरा गावच्या लोकांना विनवत होता. कुणी दाद दिली नाही, तेव्हा तो नॉर्वेच्या वाटेला लागला. मागून गावकऱ्यांचं मन पालटलं. दोघांनी स्कीवरून पाठलाग करून त्याला सेलेनजवळ गाठलं, अशी कथा सांगतात. पुढं १५२३ मध्ये तो राजा झाला. त्या आठवणीसाठी १९२२ पासून सेलेन ते मोरा ‘वासालोपेत’ शर्यत सुरू झाली. अंतर ९० किलोमीटर. म्हणजे गंगापूरहून संभाजीनगरला जाऊन परत यावं, वर आणखी थोडं चालावं, तेही बर्फातून!

१९२३ साली मार्गित नोर्दिन नावाची व्यायामशिक्षिका त्यात उतरली आणि सुमारे दहा तासांत मोराला पोचली. झालं! १९२४ पासून बायकांना बंदी. जिनं पल्ला गाठून दाखवला, तिच्या पाठोपाठ दार लावून घेतलं, हे मला फार खटकतं. पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चालणाऱ्या आमच्या आयाबायांना हे सांगितलं तर त्या हसतील.

बंदी उठली १९८१ साली. मधली सगळी वर्षं शर्यतीत बाईला एक मान मात्र होता: पारंपरिक पोशाखात उभं राहून जिंकणाऱ्या पुरुषाच्या गळ्यात हार घालायचा. हल्ली जिंकणाऱ्या बाईलाही हार घालतात. तो घालायला पुरुष उभा असतो.