पाश्चर संस्थेचा पोटमाळा

१९४० साली पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना सोर्बोनमध्ये जाक मोनो जिवाणूंना दोन साखरा एकदम खाऊ घालत होते. ग्लुकोज आणि लॅक्टोज एकत्र मिळालं, की ई. कोलाय आधी ग्लुकोज फस्त करतो. मग त्याची वाढ खुंटते आणि काही वेळाने लॅक्टोजवर पुन्हा सुरू होते. लॅक्टोज फोडणारं विकर त्या मधल्या अवधीत तयार होतं. पण त्याचं जनुक तर पेशीत आधीपासूनच असतं. मग ते इतका वेळ गप्प का?

मोनो प्रतिकार चळवळीतही होते. गुप्त कागद ते प्रयोगशाळेबाहेरच्या जिराफाच्या सांगाड्यात, पायाच्या पोकळ हाडांत लपवत. गेस्टापोचा ससेमिरा लागला तेव्हा पाश्चर संस्थेत आंद्रे ल्वॉफ यांच्या पोटमाळ्यावरच्या प्रयोगशाळेने त्यांना आसरा दिला. युद्धानंतर ते तिथेच रुजू झाले. १९५० मध्ये फ्रांस्वा जाकोब आले. नॉर्मंडीत झालेल्या जखमांमुळे त्यांना शल्यचिकित्सक होता आलं नव्हतं. बोळाच्या एका टोकाला मोनोंची साखर, दुसऱ्या टोकाला जिवाणूंच्या पोटात निद्रिस्त राहणारे ल्वॉफ-जाकोब यांचे विषाणू. दोन्हींचा काही संबंध असेल, असं बरीच वर्षं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

लॅक्टोज जनुकाला जागं करतं, हीच तेव्हाची सरळ समजूत. ती मोडली आर्थर पार्डी या पाहुण्या अमेरिकनाने जाकोब आणि मोनो यांच्यासह केलेल्या प्रयोगाने. तिघांच्या आडनावांवरून त्याला ‘पाजामो’ म्हणू लागले. विकराचं आणि त्या विकराच्या निर्मितीवर ताबा ठेवणारं नियामक, अशी दोन्ही जनुकं बिघडलेल्या जिवाणूंत त्यांनी संकरातून चांगली जनुकं सोडली. लॅक्टोजचा थेंबही नसताना काही मिनिटांतच विकर तयार होऊ लागलं. तासाभरानंतर मात्र ते थांबलं. म्हणजे नवं नियामक जनुक हळूहळू काहीतरी बनवत होतं आणि ते काहीतरी विकराच्या जनुकाला कुलूप घालत होतं. लॅक्टोज फक्त ते कुलूप काढतं! उलट्या बाजूने विचार करण्याचा आग्रह भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनीही धरला होता.

जुलै १९५८ मध्ये चित्रपटगृहात बसलेल्या जाकोबना अचानक उमगलं, की निद्रिस्त विषाणूही असाच कुलूपबंद असतो. १९६१ च्या प्रदीर्घ लेखात जाकोब आणि मोनो यांनी ओपेरॉनची, म्हणजे एकाच कुलपाखाली असलेल्या जनुकांच्या गटाची, कल्पना सविस्तर मांडली. १९६५ चं नोबेल ल्वॉफसह तिघांना मिळालं, तेव्हा ते कुलूप अजून कुणाच्या हाती लागलेलं नव्हतं. लेखात त्यांनी ते आरएनए असावं असं सुचवलं होतं. १९६६ मध्ये हार्वर्डला वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल यांनी ते वेगळं काढलं. निघालं प्रथिन, तेही एका पेशीत जेमतेम दहाएक रेणू.

ग्लुकोजला पहिला मान का, हा मोनोंचा मूळ प्रश्न मात्र त्या कुलपाने पुरता सुटत नव्हता. त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग १९६८ मध्ये हाती आला. मोनोंच्याच मदतीने हंगेरीतून निसटलेल्या अग्नेस उलमान आणि मोनो यांनी दाखवलं, की चक्रीय एएमपी हा पेशीतला छोटा रेणू बाहेरून दिला तर ग्लुकोज असतानाही विकरनिर्मितीवरचा दाब सैल होतो.