ह्यात बुडखा कुठाय?

दसरा झाला की आप्पांचा फोन येतो. "टायरचं बघायचंय, कधी येतोस?" आमचा ट्रक गाळप हंगामात ऊस ओढतो आणि उरलेले महिने सांगलीची हळद, बेदाणा, मिळेल ते भाडं घेऊन मुंबई-बेंगळुरूच्या वाटेला लागतो. म्हणजे एकाच टायरनं काळ्या रानातही चालायचं आणि हायवेवरही. तीन वर्षांपूर्वी मी हिंजवडीतल्या ऑफिसात बसून यावर एक एक्सेल शीट केली. किंमत, किलोमीटर, डिझेल, रबर चढवायचा खर्च. प्रत्येक रकान्यात नायलॉनपेक्षा रेडियल सरस ठरत होता. आप्पांनी शीट मोबाइलवर बोटांनी मोठी करून पाहिली आणि म्हणाले, "ह्यात बुडखा कुठाय?"

बुडखा म्हणजे ऊस तोडल्यावर जमिनीत राहणारं बूड. कोयत्याचा घाव तिरका बसला की त्याला सुरीसारखी धार येते. भरलेला ट्रक रानातून बाहेर निघताना ही धार टायरच्या कुशीला लागते. इंजिनिअरिंगची चार वर्षं सांगलीत काढूनही मला हा रकाना सुचला नव्हता. मग मी वाचत सुटलो, आणि लक्षात आलं की आप्पांचा प्रश्न ट्रकपेक्षा बराच जुना आहे.

आजोबांच्या गाडीला लाकडी चाक होतं, त्यावर लोखंडी धाव. लोहार ती पट्टी लाल होईपर्यंत तापवायचा, चाकावर चढवायचा आणि वर पाणी ओतायचा. लोखंड आकसलं की आरे आणि तुंबा घट्ट आवळले जायचे. रानात मोडलं तरी गावातच दुरुस्त होणारं हे चाक. पण धाव अरुंद. सगळा भार बोटभर रुंदीच्या पट्टीवर यायचा, त्यामुळे ओल्या रानात चाक रुतायचं आणि खडी-मुरमाच्या रस्त्यावर चाकोऱ्या पडायच्या. ('चाकोरीबद्ध आयुष्य' म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर ऑफिस येतं. ज्यांनी शब्द घडवला त्यांच्यासमोर खरोखरचा चर होता.)

मोटारी आल्यावर या चरांचं भांडण झालं. देशातल्या रस्त्यांचं काय करायचं हे ठरवायला १९२७ साली सरकारनं समिती नेमली. तिचे अध्यक्ष मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. तिच्या शिफारशींतून पेट्रोलवरच्या कराच्या पैशातला केंद्रीय रस्ते निधी आला, १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही इंजिनिअरांची संस्था उभी राहिली. त्या काळच्या रस्ते-इंजिनिअरांचा एक कायमचा शत्रू म्हणजे बैलगाडीची लोखंडी धाव. गाडी बदलायची की रस्ता बदलायचा, एवढाच वाद. गाडीवाला त्या वादात कुठे नव्हता. खरं तर त्याला दोन्हींशी जुळवून घ्यायचं होतं, कारण त्याचा माल रानात तयार होत होता आणि बाजार रस्त्याच्या टोकाला होता.

तोड रबरानं काढली. बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरनं १८८८ साली पोराच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला. १९३६ साली त्याच्या नावाच्या कंपनीचा कारखाना हुगळीकाठी साहागंजला सुरू झाला. पुढे जनावरानं ओढायच्या गाडीसाठी वेगळा टायरच आला. टायरवाले आजही त्याला 'एडीव्ही' म्हणतात. आपल्याकडे मात्र कंपनीचं नाव गाडीलाच चिकटलं. साहागंजचा कारखाना बंद पडला, तरी कुठल्याही कंपनीचा टायर असला तरी गाडी 'डनलॉप'च.

यातलं गणित शाळेतलं आहे. हवेचा टायर जमिनीवर साधारण त्याच्या आतल्या हवेएवढाच दाब देतो. भार वाढला की तो चपटा होतो आणि जास्त जागेवर टेकतो. धाव चपटी होऊ शकत नाही, म्हणून ती जमीन कापते. डनलॉप रानात कमी रुतली आणि रस्त्यावर हलकी धावली. एकाच चाकानं दोन्ही साधलं, असं वाटावं अशी ही गोष्ट.

नेमकी तेव्हाच उसाची घाई सुरू झाली. १९५० साली प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला आणि त्या दशकाच्या अखेरीला वसंतदादांचा सांगलीत. मग कृष्णाकाठी, कऱ्हाडपासून वाळव्यापर्यंत, धुराडी दिसू लागली. ज्वारी खळ्यात महिनाभर थांबते. तुटलेला ऊस थांबत नाही. तासागणिक वजन घटतं, साखर उतरते. त्यामुळे रान वाळेपर्यंत वाट बघायची सोय उरली नाही. पाणी दिलेल्या काळ्या मातीतून आजच्या आज माल रस्त्यावर काढायचा. आणि गाडी हलकी धावते म्हटल्यावर तिच्यावर ऊसही जास्त चढला. वाचलेला जोर बैलांच्या वाट्याला कधी आलाच नाही, जू मानेवरच राहिलं. बेंगळुरूच्या आयआयएमचे संस्थापक संचालक एन. एस. रामस्वामी यांनी पुढे कितीतरी वर्षं बैलगाडी सुधारायचा ध्यास घेतला होता. जुवामुळे बैलांच्या मानेला होणाऱ्या जखमा हा त्यांच्या कामातला मोठा भाग होता.

बैलगाडीचा हाच पेच ट्रकमध्ये आला. आता फक्त वेगही त्यात मिसळला.

आमच्या पहिल्या ट्रकला नायलॉनचे टायर होते. पुढे सरळ रेघांचा रिब, कारण तो स्टिअरिंगला सरळ जातो. मागे जाड दातांचा लग, कारण तो चिखलाला धरतो आणि डांबरावर घूंघूं करत झिजतो. नायलॉनच्या टायरात धाग्यांचे थर एकमेकांवर तिरके फुली मारून बसवलेले असतात. म्हणून त्याची कूस जाड आणि दणकट. एखादा थर कापला तरी बाकीचे सावरतात. पण चाक फिरताना हे थर एकमेकांवर घासतात आणि टायर तापतो. रेडियलची रचना निराळी. मिशेलिननं १९४६ साली फ्रान्समध्ये तिचं पेटंट घेतलं, आपल्याकडे जेके टायरनं १९७७ साली पहिला रेडियल आणला. त्यात तारा कडेपासून कडेपर्यंत आडव्या जातात आणि वर पोलादी पट्टे असतात. तो कमी तापतो, डिझेल वाचवतो, जास्त चालतो. ट्रकच्या रेडियलच्या कुशीत मात्र तारांचा एकच थर असतो. तिथे बुडखा लागला तर विषय संपला. कारगाड्या केव्हाच रेडियलवर गेल्या. ट्रकवाले कितीतरी वर्षं नायलॉन सोडेनात, तेव्हा त्यांना अडाणी म्हणणं सोपं होतं. मीही मनात म्हटलंच होतं.

आप्पांचं मत ठरलेलं होतं. नायलॉन कापला तर आतून जाड ठिगळ लावता येतं, ज्याला टायरवाले गेटर म्हणतात, आणि हंगाम निघतो. खाटेवर पाय लांब करून बसलेले तात्या, म्हणजे माझे चुलते, तोवर गप्प होते. ते म्हणाले, "आप्पा, त्यो वाचतो म्हणूनच फुटतो."

२००८ च्या मे महिन्यात हळद भरून ते वाशीला निघाले होते. पुण्याकडचा रस्ता तोवर चौपदरी झालेला, ट्रक पूर्वी कधी पळत नव्हता तसा पळायचा. फेब्रुवारीत रानात कापलेला पुढचा टायर गेटर मारून ठेवला होता. खंबाटकी उतरताना तो फुटला. ट्रक कठड्याला जाऊन थांबला म्हणून तात्या आहेत, पण डावा गुडघा तेव्हापासून वाकत नाही. घरात यावर कुणी बोलत नाही, कारण तो टायर आणखी दोन महिने चालेल हे आप्पांनीच ठरवलं होतं. त्या संध्याकाळीही पुढे कुणी बोललं नाही. आप्पा उठले आणि गोठ्याकडे गेले.

सकाळी ते म्हणाले, "घे तुझा रेडियल. पण गाडी रानात घालायची न्हाई. पाणंदीवरच उभी ऱ्हाईल."

तसंच झालं. तीन हंगाम झाले, एकही टायर कुशीत कापला नाही. डिझेलचा आकडा शीटमध्ये होता त्याच्या आसपास येतो. मी त्या शीटचा फोटो ऑफिसातल्या ग्रुपवर टाकला होता, हेही कबूल करतो.

गेल्या जानेवारीत तोड चालू असताना गावी गेलो. ट्रक पाणंदीवर कडक जमिनीवर उभा होता. पूर्वी तो फडाच्या मधोमध जायचा, आता फड जिथे तुटत होता तिथून तो चांगला शंभर-सव्वाशे पावलांवर होता. बीडकडची टोळी होती. बायका डोक्यावर मोळी घेऊन बुडखे चुकवत यायच्या, ट्रकला लावलेल्या फळीवरून चढायच्या, मोळी टाकून परत जायच्या. माझ्याच वयाची एकजण फळीपाशी थांबली, मोळी डोक्यावर तशीच. "मालक, गाडी आत का न्हाई आनीत? रान तर वाळलंय."

मी म्हटलं, "टायर नवीन आहेत."

तिनं टायरकडे पाहिलं, मग फळीवर पाय ठेवला.